वरच्या तळ्याची राखण

माझ्या जाकिटावर डाव्या बाजूला एक बिल्ला असतो. तो पाहून डोंगरात भेटणारे आपले लोक हमखास विचारतात, "काकू, तुम्ही फॉरेस्टमध्ये आहात का?"

मी म्हणते, "नाही, मी मासे राखते."

"म्हणजे मासे पकडता?"

"मासे पकडणाऱ्यांना पकडते."

यावर बहुतेक जण हसतात. ज्यांच्या सॅकमधून गळाची काठी डोकावत असते ते मात्र हसत नाहीत.

म्युनिकमधल्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत मी एकतीस वर्षं मोजमाप खात्यात काढली. एखादा भाग केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने चुकला तरी तो परत पाठवायचा, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर घरी बसून पडद्यांची लांबी मोजण्यापेक्षा बरं म्हणून मी मासेमारीच्या क्लबात गेले, आणि तिथून 'फिशरायआउफझेहर' झाले. सोप्या मराठीत सांगायचं तर तळ्याची राखणदार. पगार नाही. परीक्षा आहे, शपथ आहे, ओळखपत्र आहे आणि शिव्या आहेत.

आमचं तळं आल्प्समध्ये, झाडं संपतात त्याच्या जरा वर आहे. म्युनिकहून ट्रेन, मग बस, मग पावणेतीन तासांची चढण. पहिला तास जंगलातून, दुसरा गाईंच्या कुरणातून आणि उरलेला दगडधोंड्यांतून. मे महिन्यापर्यंत पाण्यावर बर्फ असतो. त्यानंतर जेमतेम चार-पाच महिने तिथे ट्राउट पकडता येतो. अंगावर लाल ठिपके, पोटाशी पिवळसर, असा देखणा मासा. पण त्या थंड पाण्यात खायला कमी, त्यामुळे वाढतो फार हळू. आपल्या हातभर लांबीच्या ट्राउटने तिथे कितीतरी हिवाळे काढलेले असतात. म्हणून राखण लागते.

पाहुण्यांना वाटतं, तळं आहे, काठी आहे, टाका गळ. जर्मनीत तसं नसतं. आधी वर्गात बसायचं, मग परीक्षा द्यायची, मग सरकारी कार्ड काढायचं आणि शिवाय त्या-त्या तळ्याचा दिवसाचा परवाना घ्यायचा. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा अलगद परत सोडायचा. मापात बसणारा मात्र सोडायचा नाही. त्याच्या डोक्यावर लाकडी दांडक्याने एक नेमका फटका, मग लगेच सुरी, मग कागदावर नोंद. खाण्यासाठी मासा पकडणं हे कारण इथल्या कायद्याला मान्य आहे. नुसती गंमत म्हणून त्याला गळ टोचायचा आणि फोटो काढून सोडून द्यायचा, हा प्राण्याचा छळ. मला हा नियम पहिल्यापासून पटला. रेवदंड्याच्या खाडीवर वाढलेल्या मुलीला मासा सोडून द्यायचा असतो हे मुळात समजतच नाही.

आपल्या लोकांना तो पटवताना मात्र माझ्या तोंडाला फेस आलेला आहे.

एकदा एश्बॉर्न नावाच्या लांबच्या गावाहून पाच जण आले. सगळे आयटीवाले, पुण्याचे, आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गाडीने निघालेले. त्यातल्या अमित नावाच्या एकाकडे कार्ड होतं. बाकीचे चौघे त्याला सल्ले द्यायला आले होते. मी मोठ्या दगडाआडून दुर्बिणीने पाहत होते. अमितने तासाभराने एक सुरेख ट्राउट काढला. चौघांनी आरडाओरडा केला, फोटो झाले. आणि मग एकाने फोन पाहिला नि म्हणाला, "अरे, थांब थांब! आज संकष्टी आहे."

अमितने तो मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला आणि चक्क नमस्कार केला.

मी दगडाआडून बाहेर आले. मला मराठीत "कार्ड दाखवा" म्हणताना ऐकून त्यांना आधी आनंद झाला.

"काकू, तुम्ही मराठी! काय लक! अहो, आज चतुर्थी आहे हे लक्षातच नव्हतं. मारला असता तर पाप लागलं असतं."

"आता दंड लागेल," मी म्हटलं.

"पण जिवंत सोडला ना आम्ही!"

"म्हणूनच."

मी रिपोर्ट लिहिला. क्लबने अमितचा त्या हंगामाचा परवाना काढून घेतला. कंपनीत चुकीचा भाग मी कुणाच्या ओळखीने कधी पास केला नाही, मग इथे तसं कसं करणार? अमित अजून दरवर्षी दिवाळीला मेसेज पाठवतो. त्यात 'काकू' नसतं, 'मॅडम' असतं. ते वाचताना दरवेळी थोडं लागतं. नंतर मी आपल्या लोकांसाठी एक युक्ती काढली. परवाना तपासताना आधीच सांगून टाकायचं, "घरून निघण्यापूर्वी कॅलेंडर पाहिलंय ना? गळ पाण्यात गेल्यावर वार बदलत नाही."

सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात. येनाहून एक संशोधक मुलगी यायची. भिंगांवर काम करायची. रीतसर परवाना काढून दिवसभर काठावर बसायची आणि गळ मात्र टाकायची नाही. पहिल्यांदा मला संशय आला की काठी कुठेतरी लपवली आहे. मी तिची सॅक उघडायला लावली. आत ब्रेड, काकडी आणि चष्म्यांची आठ-दहा डबडी. पाण्यावरची चमक कापणाऱ्या काचा ती करून पाहत होती. एक चष्मा तिने मला दिला. तो घातल्यावर तळं एकदम उघडं पडलं. आतले दगड, बुडालेलं लाकूड, आणि सावलीत एकाच दिशेला तोंड करून उभे असलेले मासे. इतकी वर्षं राखण करून मी फक्त वरची चमकच पाहत होते. तिची सॅक उघडल्याची मला लाज वाटली आणि मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी काटेकोर तपासलं पाहिजे, तुमचं कामच आहे." चष्मा मी आजही वापरते.

आता अलोइसबद्दल. अलोइस हा आमच्या तळ्याचा जुना राखणदार. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे बकरीचे, बोली अशी की म्युनिकच्या माणसालाही दोनदा विचारावं लागतं. त्यानेच मला हे काम शिकवलं. वसंतात माशांची पिल्लं पाठीवरच्या टाकीतून वर न्यायची, ती तळ्यात एकदम ओतायची नाहीत, थोडं थोडं तळ्याचं पाणी टाकीत मिसळत अर्धा तास थांबायचं, हे सगळं त्याचं शिक्षण. तो माणसांनाही तसंच वागवायचा. कुणी नियम मोडलेला दिसला की आधी शेजारी बसायचा, हवेबद्दल बोलायचा आणि मग कार्ड मागायचा. मला ते वेळखाऊ वाटायचं. मी थेट जाऊन बिल्ला दाखवायची.

आणि आता दादाबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. नोकरीव्यतिरिक्त त्याचा सगळा जन्म खाडीवर गेला. मी सात वर्षांची असताना त्याने मला गळ बांधायला शिकवलं. आई ओरडायची, मुलीच्या जातीला हे काय शिकवतोस. तो म्हणायचा, "तिचा हात हलका आहे." आयुष्यात माझ्या हाताबद्दल कुणी काढलेला तो पहिला चांगला शब्द. पुढे मोजमाप खात्यात तोच हात कामाला आला.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी तो दोन महिने माझ्याकडे आला. म्युनिकमधलं त्याला काही फारसं आवडलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "शालू, ते तुझं तळं दाखव." अडुसष्टाव्या वर्षी तो पावणेतीन तास चढला. वाटेत गाईंच्या गळ्यातल्या घंटा हातात घेऊन बघितल्या, आल्मवर, म्हणजे कुरणातल्या गवळ्याच्या झोपडीत, ताक मागितलं, दूध मिळालं. वर पोचल्यावर काही न बोलता काठाकाठाने पूर्ण चक्कर मारून आला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वारा या अंगाने येतोय. तिथे टाक, त्या पडलेल्या खडकाच्या सावलीत. कडेला नाही, जरा आत."

त्या दिवशी मी राखणीवर नव्हते. माझा स्वतःचा परवाना काढून मासे धरायला आले होते. अलोइसही सोबत होता. मी काठी जोडत असताना दादाने हात पुढे केला.

"एकदा दे की. एकच फेक."

मी म्हटलं, "दादा, इथे कार्ड लागतं."

"मला कोण बघतंय?"

"मी बघतेय."

तो हसला. मी हसले नाही. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कार्डाशिवाय गळ टाकणं इथे गुन्हा आहे, पोलीस केस होते, तू व्हिजावर आला आहेस, मी बिल्लेवाली आहे. सगळं खरं होतं. आजही काठी दिली नाही याचं मला वाईट वाटत नाही. दादालाही वाटलं नसावं. डेपोत तोही ड्रायव्हरला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी न्यायला द्यायचा नाही. तो "बरं बरं" म्हणून बाजूला उभा राहिला.

मी त्याने सांगितलेल्या जागी गळ टाकला. तिसऱ्या फेकीला काठी वाकली. चांगला जड मासा होता. अलोइसने लांब दांड्याची जाळी उचलली. मासा काठाशी आला की ती पाण्यात बुडवून खालून घ्यायचा असतो. अलोइस दोन पावलं पुढे आला, थबकला, आणि त्याने जाळी दादाच्या हातात दिली. दादाने ती घेतली. त्याचा हात दांड्यावर कसा बसला ते मला नीट आठवतं, कारण खाडीवरही तो तसाच बसायचा.

मी ओरडले, "नको, नको! अलोइस, तू धर! दादा, दे ती त्याला!"

का ओरडले? इतकी वर्षं मी या देशात रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबले आहे. रविवारी ड्रिल लावलं नाही, काचेच्या डब्यात चुकून प्लास्टिक टाकलं नाही. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा द्यायची नाही, हे इतकं हाडात भिनलेलं की जाळी म्हणजेही मासेमारीच, आणि मासेमारी म्हणजे कार्ड, असं मी त्या क्षणी ठरवूनच टाकलं.

दादाने जाळी परत केली. त्याला आता रिकामे हात कुठे ठेवावेत कळेना. मी म्हटलं, "दादा, तू डबा धर." माझ्या पायाजवळ पोळीभाजीचा डबा होता, तो पाण्यात जाईल म्हणून. त्याने डबा धरला. अलोइसने मासा काढला. दादाच्या जागेवरचा, दादाने ओळखलेला मासा.

संध्याकाळी घरी मी तो मासा तिरफळं आणि कोकमाचं आगळ घालून केला. दोन्ही त्यानेच आणलं होतं. तो जेवला आणि म्हणाला, "गोड्या पाण्यातला आहे. मसाल्यालाच चव आहे." मग दोन महिने संपले आणि तो परत गेला.

यानंतर तीन उन्हाळे गेले. एका शनिवारी मी आणि अलोइस राखणीला होतो. पलीकडच्या काठावर एक जर्मन माणूस मासा ओढत होता आणि त्याची बायको जाळी घेऊन उभी होती. तिच्याकडे कार्ड नाही हे मला ठाऊक होतं, कारण सकाळी मीच तपासलं होतं. मी वही काढून उठले. अलोइसने माझी बाही धरली.

"कुठे निघालीस?"

"तिच्याकडे कार्ड नाही."

"जाळी धरायला कार्ड कशाला?" तो म्हणाला. "गळ टाकायचा, मासा ओढायचा, त्याला कार्ड. कार्डवाला शेजारी असेल तर जाळी कुणीही धरावी. मदत आहे ती."

मी उभीच राहिले. अलोइस पाण्याकडे बघत पुढे म्हणाला, "तुझ्या भावालासुद्धा मी दिली होती ना. तू परत घ्यायला लावलीस. आल्झो, म्हणजे मला वाटलं तुमच्याकडे मोठ्या भावाला काम सांगायची पद्धत नसेल. म्हणून मग मी काही बोललो नाही."

त्या दिवशी मी घरी जाऊन नियमांचं पुस्तक काढलं, शिवाय क्लबच्या ऑफिसात फोन करून विचारलं. अलोइसचं बरोबर होतं. परीक्षेत माझा एकही प्रश्न चुकला नव्हता, पण हा प्रश्न आलाच नव्हता, आणि मी तो कुणाला विचारलाही नव्हता. मोजमापाच्या खात्यात आम्ही शिकाऊ लोकांना पहिली गोष्ट सांगायचो: संशय आला तर मोजा, अंदाज करू नका. मी अंदाज केला होता. तोही माझ्या भावाच्या हातातून जाळी काढून घेण्यासाठी.

मी दादाला फोन केला. त्याचे गुडघे तोवर गेले होते. घराच्या पायऱ्या उतरायलाही आधार लागत होता, खाडी तर सुटलीच होती. तळ्यावर तो पुन्हा येणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"दादा, ती जाळी तुला धरता आली असती रे. चालत होतं. मीच चुकले."

तो म्हणाला, "अगं, जाऊ दे. डबा धरला होता ना मी. तोही काही हलका नव्हता."

मी हसावं म्हणून तो असं बोलला आणि मी रडले. साठी उलटलेली बाई, बिल्लेवाली, स्वयंपाकघरात फोन कानाला लावून रडले. तो तिकडून नुसता "शालू, ए शालू" करत राहिला.

तेव्हापासून मी माझी पद्धत थोडी बदलली. कार्डाशिवाय काठी आजही मी कुणाला धरू देत नाही, रिपोर्टही लिहिते. पण आधी शेजारी बसते. हवेबद्दल बोलते. अलोइसला हे कळलं तेव्हा तो मिशीत हसला.

गेल्या उन्हाळ्यात म्युनिकमधला एक तरुण इंजिनियर आपल्या वडिलांना घेऊन वर आला होता. मुलाकडे कार्ड, परवाना, सगळं व्यवस्थित. वडील साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक, सहा आठवड्यांसाठी आलेले. मुलगा गळ टाकत होता आणि वडील मागे एका दगडावर मांडीवर मुलाची सॅक घेऊन बसले होते. दोन्ही हात सॅकवर. मी लांबून ते हात पाहिले आणि मला पुढे जाववेना.

मग मुलाची काठी वाकली. जाळी दगडाला टेकवून ठेवलेली होती. मुलगा एका हाताने काठी सांभाळत दुसऱ्या हाताने तिच्याकडे वळायला बघत होता. मी खाली धावले.

"काका, सॅक खाली ठेवा. ही जाळी घ्या."

ते घाबरून उठले. "नको, नको. माझ्याकडे कार्ड नाही हो. हा म्हणाला, कशाला हात लावायचा नाही."

"जाळीला कार्ड लागत नाही. मी इथली राखणदार आहे, मी सांगते. या पुढे. बूट भिजू देत."

मुलगा म्हणाला, "काकू, नक्की ना? उगाच प्रॉब्लेम नको."

"नक्की. वाचलंय मी."

काकांनी जाळी घेतली. येनाच्या मुलीने दिलेल्या त्या चष्म्यातून मला मासा स्पष्ट दिसत होता. मोठा, ठिपक्यांचा, काठापासून हातभर अंतरावर. मी म्हटलं, "आधी जाळी पाण्यात बुडवा, मग मासा तिच्यावर येऊ द्या." पण काकांना धीर निघाला नाही. त्यांनी फुलपाखरू धरावं तशी जाळी वरून मारली. ती दोऱ्यावर बसली. शेपटीचा एक फटका, आणि दोरा ढिला पडला.

"बाबा! काय हे!" मुलगा ओरडला.

काका गुडघाभर पाण्यात रिकामी जाळी घेऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मुलगाही गप्प झाला. "केवढा होता रे! मी बघितला, अगदी समोर होता," एवढंच ते तीन-चारदा म्हणाले.

मुलाने जरा वेळाने भीत भीत विचारलं, "काकू, हा मापात होता. आता हे सोडल्यासारखं धरतात का? दंड वगैरे?"

"सोडलेल्याला दंड आहे," मी म्हटलं. "निसटलेल्याला नाही."

बस म्युनिकच्या ट्रेनला पोचायच्या आत मी दादाला फोन लावला. रविवारी मी त्याला फोन करतेच, त्या दिवशी शनिवार होता. त्याला सगळं सांगितलं. साताऱ्याचे काका, मांडीवरची सॅक, जाळी, दोरा. शेवटी त्याने विचारलं, "कुठे होता मासा?"

"तुझ्या खडकापाशी. सावलीत, जरा आत."

"केवढा?"

मी हाताने माप दाखवलं, मग फोनवर ते दिसत नाही हे लक्षात येऊन सांगितलं, "कोपरापासून मनगटापर्यंत."

दादा म्हणाला, "माझ्या हातून निसटला नसता."

"नसता," मी म्हटलं.